नाव द्यायची घाई नको

मनू,

काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, मला सगळं पिवळंच दिसतंय गं," आणि मागे होस्टेलच्या पोरींचा गलका. धड बोलणं झालंच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावरही तुझा तो रडवेला आवाज कानात होता. म्हणून आज सुट्टीचं सावकाश बसून लिहिते आहे. एका बैठकीत वाचून टाकू नकोस. मायक्रोस्कोपशेजारी ठेव आणि लागेल तसं वाच.

पहिली गोष्ट म्हणजे सगळं पिवळं दिसण्यात तुझी काही चूक नाही. दोन वर्षं तू दख्खनच्या बसाल्टचे पातळ छेद पाहिलेस. तिथे प्रकाश खालून येतो, खनिजातून आरपार जातो आणि क्रॉस निकॉलमध्ये, म्हणजे दोन ध्रुवक एकमेकांना आडवे ठेवले की, रंगांची रांगोळी उमटते. डोळ्याला त्या थाटाची सवय झाली. आता तांब्याची सल्फाइड खनिजं समोर आली आहेत. ती अपारदर्शक आहेत, प्रकाशाला आत शिरूच देत नाहीत. त्यामुळे प्रकाश वरून टाकायचा आणि पृष्ठभागावरून परत येईल तेवढाच बघायचा. रंग मोजके आणि सगळे फिके. कुणी पिवळसर, कुणी निळसर, कुणी नुसतं राखाडी. पहिले दहा-पंधरा दिवस डोळा बिचकतो. माझाही बिचकला होता.

आणि नमुने कुठले मिळालेत बघ तुला! मलांजखंडचे. आपल्या गोंदियाहून बालाघाट, पुढे बैहर, आणि तिथून जवळच ही देशातली तांब्याची सर्वांत मोठी खाण. १९८२ साली हिंदुस्थान कॉपरने उघडी खाण सुरू केली, आता तिच्याच तळाखाली भूमिगत काम चालतं. ग्रॅनाइटी खडकात क्वार्ट्झचा भला मोठा पट्टा आणि त्यात तांबं. खाली अस्सल मूळ खनिज, वर पावसापाण्याने पालटलेलं. शिकणाऱ्या पोरीला याहून चांगलं पुस्तक मिळायचं नाही. आपल्या चंद्रपुरातल्या ठाणेवासनालाही चाल्कोपायराइट आहे, तेही कधीतरी बघशील. पण सुरुवात मलांजखंडपासून झाली याचा मला मनापासून आनंद आहे.

आता कामाचं. तू थेट भिंगाखालच्या गोष्टी विचारतेस, पण निम्मं दुखणं पॉलिशमध्ये असतं. तू पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. त्यात आडव्या-उभ्या रेघा आहेत आणि एका कणामागे धूमकेतूसारखी शेपटी आहे. याचा अर्थ जाड पावडरीचा एखादा कण पुढच्या चकतीवर आलाय. दोनशेवीसच्या कार्बोरंडमवरून चारशेवर, मग सहाशे, हजार, मग हिऱ्याची पेस्ट सहा मायक्रॉन, तीन आणि एक. प्रत्येक टप्प्याला नमुना धुवायचा, हात धुवायचे आणि काच वेगळी घ्यायची. नखं वाढवली असशील तर कापून टाक. खरंच सांगते, नखांत अडकलेली दोनशेवीसची पावडर किती सेक्शन, म्हणजे किती पॉलिश केलेले नमुने, खाते याला गणती नाही. बांगड्या काढून ठेव, वेणी घट्ट बांध. आणि प्रत्येक टप्प्यानंतर भिंगाखाली बघ. आधीच्या टप्प्याची एकही रेघ उरली असेल तर पुढे जायचं नाही. "पुढच्या टप्प्याला जाईल" असं मनाला समजावू नकोस, ती जात नाही.

उलट टोकाची चूक म्हणजे कापडावर फार वेळ घासत बसणं. पायराइटची कठीणता सहा-साडेसहा, चाल्कोपायराइटची साडेतीन-चार, चाल्कोसाइटची तर तीनच्याही आत-बाहेर. मऊ कापडावर जास्त घासलंस की मऊ खनिज झिजतं आणि पायराइट टेकाडासारखा वर राहतो. मग एकावर फोकस केला की दुसरं धूसर. अजून एक: नमुना ज्यात बसवतो ती इपॉक्सी लवकर सुकावी म्हणून नमुना ओव्हनमध्ये किंवा हॉट प्लेटवर ठेवू नकोस. चाल्कोसाइटची आतली रचना १०३ अंशांच्या आसपास बदलते. निसर्गाने ठेवलेलं तू बदलून बघशील आणि ते निसर्गाचं म्हणून लिहिशील. घट्ट व्हायला एक रात्र लागते, लागू दे.

सेक्शन तयार झाला की हँड प्रेसने प्लॅस्टिसिनवर सपाट बसव आणि सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली ठेव. आणि मग, मनू, पंधरा मिनिटं नुसतं बघ. वही मिटलेली, तक्ते बंद. तुमच्याकडे युटेनबोगार्ड आणि बर्क यांचे ओळखीचे तक्ते असतील, कपाटात रामडोरचा जाडजूड ग्रंथ असेल. दोन्ही मौल्यवान आहेत, मी आजही काढते. पण आधी तक्ता उघडला की डोळा तक्त्यातलंच शोधत बसतो. तक्त्यात "पिवळा" लिहिलेलं असतं आणि तुला पिवळं दिसायला लागतं. आधी तुझ्या शब्दांत लिही. कुणाला दाखवायचं नाहीये ते.

माझी पहिली वही उघडली तर त्यात असलेच शब्द आहेत. पायराइटपुढे लिहिलंय, "सायीसारखा, किंचित पिवळट, खूप उजळ, अंगावर खड्डे". चाल्कोपायराइटपुढे "घासलेलं पितळी तांब्या-भांडं". चाल्कोसाइटसाठी मला आठवले होते आजोबांचे नीळ घातलेले सदरे. धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्यात नीळ जरा जास्त झाली की जी छटा येते, अगदी तीच. स्फॅलेराइट म्हणजे पुसलेली पाटी. आणि ताजा बॉर्नाइट... त्यासाठी मी तीनदा खाडाखोड केलेली आहे. गुलाबीही नाही, तपकिरीही नाही. शेवटी लिहिलं, "अबोली, त्यात कॉफीचा थेंब". हे शब्द शास्त्रीय नाहीत, पण माझे आहेत. म्हणूनच बारा वर्षांनी अजून फसवत नाहीत.

कोव्हेलाइटची गोष्ट वेगळी सांगायला हवी. तो दिसेल त्या दिवशी मला फोन कर, कितीही वाजले असोत. आईची धूपछाव साडी आठवते ना? पदर हलवला की निळ्याचा जांभळा व्हायची. कोव्हेलाइट तसाच आहे. स्टेज हळूहळू फिरव. एका दिशेला गर्द निळा, नव्वद अंशांवर फिकट, जवळजवळ पांढरट निळा, आणि पुन्हा गर्द. मग क्रॉस निकॉल कर, तो निखाऱ्यासारखा नारिंगी पेटतो. इतकं स्वतःचं नाव सांगत येणारं खनिज दुसरं नाही. व्हेसुव्हियस ज्वालामुखीवर ते ज्या निकोला कोव्हेलीला सापडलं, त्याचंच नाव त्याला दिलंय. तेलात बुडणारं भिंग लावलंस तर निळा जाऊन जांभळट लाल होतो. झाला नाही आणि निळाच राहिला, तर ती कोव्हेलाइटची चुलत भावंडं, तांबं जरा जास्त असलेली. ते लगेच सोडवायला जाऊ नकोस. नुसतं नोंदव: "तेलात निळा राहिला".

बाकीच्यांच्या रंगावर मात्र एवढा भरवसा ठेवू नकोस. डोळा रंग एकटा बघत नाही, शेजाऱ्याच्या तुलनेत बघतो. तोच चाल्कोपायराइट पायराइटशेजारी पिवळाधमक दिसतो, आणि कधी सोन्याचा कण शेजारी आलाच तर हिरवट, मळकट वाटतो. चाल्कोसाइटला चिकटून गॅलिना असेल तर पांढऱ्या गॅलिनावर गुलाबी झाक आल्यासारखी वाटते. म्हणून वहीत नुसतं "पिवळा" लिहू नकोस, "पायराइटशेजारी पिवळा" लिही. आणि दिव्याची वात कमी-जास्त करत राहू नकोस. रोज एकाच तेजावर, एकाच निळ्या फिल्टरने बघ. पायराइटचा एखादा मोठा कण मापाचा दगड म्हणून धर. तो पडलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून थोडा जास्त परत फेकतो, चाल्कोपायराइट पंचेचाळीस टक्क्यांच्या अलीकडे, चाल्कोसाइट तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास, आणि स्फॅलेराइट सतराच्या आसपास. ही उतरंड एकदा डोळ्यात बसली की निम्मा गोंधळ मिटतो.

कठीणपणा बघायची एक युक्ती सांगते, ती पुस्तकात दोन ओळींत असते आणि शिकवताना राहून जाते. दोन खनिजांच्या सीमेवर फोकस कर. मग स्टेज अगदी किंचित खाली घे, म्हणजे भिंग आणि नमुना यांतलं अंतर वाढेल. सीमेवर एक बारीक उजळ रेघ दिसेल आणि ती मऊ खनिजाच्या बाजूला सरकेल. काल्बची रेघ म्हणतात तिला. पायराइट आणि चाल्कोपायराइटच्या सीमेवर वीस वेळा करून बघ. बोटांना कळलं पाहिजे, मग डोळ्यांना कळतं.

आता माझी चूक सांगते. घरात कुणालाच माहीत नाही.

एम.एस्सी.च्या प्रकल्पात मी सेक्शन जूनमध्ये बनवले आणि ऑक्टोबरमध्ये मोजायला बसले. मधले चार महिने ते लॅबच्या लाकडी कपाटात होते, पावसाळ्याच्या दमट हवेत, उघडे. भिंगाखाली बघते तर जागोजाग तांबूस, गुलाबीसर, मध्येच जांभळट कण. मला काय आनंद झाला! बॉर्नाइट! मी मोजणीला बसले. एकेक बिंदू सरकवायचा, रेघेखाली कोण आलंय ते टिपायचं. तीन दिवसांत हजारावर बिंदू झाले. चाल्कोपायराइटमध्ये तांबं साधारण साडेचौतीस टक्के, बॉर्नाइटमध्ये त्रेसष्ट. हिशोब केला तर माझ्या सेक्शनमधलं तांबं रासायनिक तपासणीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. आणि माझं धाडस बघ, मी तपासणीवर शंका घेतली. अहवालात लिहिलंही.

सरांनी अहवाल वाचला, काही बोलले नाहीत. सेक्शन मागितला. कापडावर एक मायक्रॉनची पेस्ट घेऊन स्वतः दोन-तीन मिनिटं फिरवला, अल्कोहोलने पुसला आणि भिंगाखाली ठेवून खुर्ची मला दिली. मी पाहिलं. सगळं पिवळं. एकही बॉर्नाइट नाही. चाल्कोपायराइटच्याच अंगावर हवेने रंग चढला होता, आणि मी त्या चढलेल्या रंगाला नाव दिलं होतं. सर एवढंच म्हणाले, "आज पॉलिश केलेलं आजच मोजायचं." तीन दिवसांची मोजणी मी पुन्हा केली, पण त्या कामाने नव्हे, तपासणाऱ्या माणसावर विनाकारण शंका घेतली याने मी फार दिवस अस्वस्थ होते. मी त्यांना भेटून सांगितलं. ते सांगितल्यावर हलकं वाटलं.

जत्रेत, प्रदर्शनात मोरपंखी रंगांचा दगड "मोराचं खनिज" म्हणून विकतात ना, त्यातला पुष्कळसा आम्ल लावून रंगवलेला चाल्कोपायराइटच असतो. खरा बॉर्नाइटही असाच रंग बदलतो, आणि फार पटकन. सकाळी अबोली, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जांभळा. म्हणून बॉर्नाइटची शंका आली की लगेच पुन्हा पॉलिश करून बघ. मलांजखंडला तो आहे, पण थोडाच. सापडलाच तर तारीख आणि वेळ घालून नोंदव. सेक्शन नेहमी सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात ठेव. आपल्याकडच्या पावसाळ्यावर विश्वास नाही.

रंगाचं एवढं झालं. पण मनू, या कामाचा जीव रंगात नाही, काठात आहे. कोण कुणाच्या काठाने आत शिरलंय, कुणी कुणाला पोटात घेतलंय, कोणाच्या भेगेतून कोण वाहिलंय. तिथे गोष्ट असते.

बाबा संत्र्याला बोर्डो करायचे ते आठवतं? मोरचूद एका बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, दोन्ही एकत्र ओतायचे आणि मग विळा बुडवायचे. विळ्याला तांबूस लेप चढला की म्हणायचे, "चुना कमी पडला." आपल्याला गंमत वाटायची. त्या विळ्यावर काय होत होतं? मोरचुदातलं तांबं लोखंडावर येऊन बसत होतं आणि लोखंड पाण्यात जात होतं. लेप आधी कुठे चढायचा? धारेवर, आणि जुन्या खाचांत.

मलांजखंडच्या वरच्या थरात पाऊस हेच करत आलाय, अगदी तीच रासायनिक क्रिया नव्हे, पण रीत तीच. पावसाचं पाणी आणि हवा पायराइटवर काम करतात, त्यातून आम्ल होतं, लोखंड वर गंजून तांबडी टोपी होऊन राहतं, तांबं विरघळून खाली उतरतं. पाण्याच्या पातळीजवळ हवा संपते. तिथे ते तांबं मूळ चाल्कोपायराइटला गाठतं आणि त्यातल्या लोखंडाची जागा घेतं. चाल्कोसाइट होतो, कोव्हेलाइट होतो. साडेचौतीस टक्क्यांच्या खनिजाचं ऐंशी टक्क्यांच्या जवळ जाणारं खनिज होतं. आणि हे कुठे सुरू होतं? काठावर, आणि भेगांत. बाबांच्या विळ्यासारखं.

तुझ्या सेक्शनमध्ये असा एक कण शोध. मधे पिवळं बेट, भोवती निळी चौकट, आणि बेटाच्या अंगातून निळ्या शिरा गेलेल्या. एका मोठ्या कणाची अशी पाच-सहा बेटं झाली असतील तर स्टेज फिरवून, काठ जुळवून बघ. फुटलेल्या बशीचे तुकडे जुळावेत तसे जुळतात, म्हणजे ही बेटं कधीकाळी एकच कण होती. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंस की "प्रतिस्थापन" हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

पण लगेच सगळीकडे तेच दिसायला लागेल, तेव्हा सांभाळ. एका खनिजात दुसऱ्याच्या बारीक सरळ पट्ट्या दिसल्या, उदाहरणार्थ बॉर्नाइटमध्ये चाल्कोपायराइटच्या, तर ते बाहेरून शिरलेलं नसेलही. गरम असताना एकजीव असलेलं थंड होताना फुटून वेगळं होतं, त्याच्याही अशाच पट्ट्या पडतात. पट्ट्या एकमेकींना छेदतात तिथे जाड होतात का? भेगेजवळच दाट आहेत का? जाड होत असतील, भेगेला धरून असतील, तर बाहेरून आलेल्याची शक्यता वाढते. तरीही मोठमोठ्यांचे यावर वाद झालेत. स्फॅलेराइटच्या अंगावर चाल्कोपायराइटचे पुटकुळ्यांसारखे ठिपके दिसतात, त्याला अभ्यासक चक्क "चाल्कोपायराइटचा रोग" म्हणतात. आधी ते थंड होताना फुटून आलेले असंच मानायचे. पण स्फॅलेराइटमध्ये एवढं तांबं मुळात विरघळतच नाही, हे प्रयोगांत दिसलं. १९८७ साली बार्टन आणि बेथके यांनी त्यावर निबंध लिहिला आणि त्याला नावही रोगशास्त्राच्या भाषेतलं दिलं. सांगायचं कारण असं की पट्टी दिसली, ठिपका दिसला की कारण लिहू नकोस. दिसलं ते लिही, चित्र काढ, आणि कारणासमोर प्रश्नचिन्ह ठेव. प्रश्नचिन्हाचे गुण कापणारे परीक्षक भेटतील, तरी ठेव.

चित्र काढच. फोटो सगळे काढतात, मोबाइल लावला की झालं. पण पेन्सिलीने काठ काढायला लागलं की डोळा त्या काठावरून चालतो. कुठे वळलाय, कुठे तुटलाय, कुठे आपल्याला खात्री नाही, ते हाताला अडखळून कळतं. सरळ आखणी, खाली मापाची रेघ, शाई नको. माझ्या लॅबमध्ये आज इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे, तो स्वतःच हजारो कण मोजतो, रंगीत नकाशा काढून देतो. मी त्याची ऋणी आहे. पण तो मूलद्रव्यं मोजतो. चाल्कोसाइट आणि त्याच्या जवळच्या डायजेनाइटमध्ये तांब्याचा फरक एवढा थोडा असतो की तिथे तो गडबडतो. आणि पायराइटवरचा चाल्कोसाइटचा केसाहून बारीक पापुद्रा त्याच्या नकाशातून सुटतो. मी अजूनही प्रत्येक नमुना आधी साध्या मायक्रोस्कोपखाली घालते.

तो पापुद्रा कसा महत्त्वाचा, हे तुला अजून कुणी सांगितलं नसेल. खाणीतला दगड दळतात, पाण्यात झँथेट नावाचं रसायन घालतात, हवा सोडतात. तांब्याची खनिजं बुडबुड्यांना चिकटून वर येतात आणि क्वार्ट्झ खाली राहतं. पायराइटही खाली राहावा म्हणून पाण्यात चुना घालतात. पण पायराइटच्या अंगावर तो निळसर पापुद्रा असेल तर तो तांब्याचं सोंग घेऊन वर येतो आणि माल हलका होतो. कारखान्यात माणसं रसायनं बदलून थकतात, आणि कारण त्या एका काठात असतं. तसंच चाल्कोपायराइट क्वार्ट्झमध्ये वीस मायक्रॉनच्या दाण्यांनी रुतलेला असेल तर शंभर मायक्रॉनपर्यंत दळून तो मोकळा होणार नाही. किती दळायचं, म्हणजे किती वीज जाळायची, हे तुझ्यासारखी कुणीतरी भिंगाखाली बघून सांगते. म्हणून कण मोजताना "मोकळा", "कशात अडकलेला", "कुणाच्या सालीत" हे तीन रकाने आत्तापासून कर. आणि मोजलेलं क्षेत्रफळ म्हणजे वजन नव्हे. क्वार्ट्झची घनता २.६५, चाल्कोपायराइटची ४.२, गुणल्याशिवाय टक्के लिहू नकोस.

अरे हो, मॉलिब्डेनाइट! मऊ, वाकलेल्या पापुद्र्यांचा. फिरवला की उजळ पांढऱ्याचा करडा होतो. मलांजखंडला तो सापडतो, आणि त्याच्यातल्या ऱ्हेनियम-ऑस्मियमवरूनच तिथल्या खनिजाचं वय सुमारे २४९ कोटी वर्षं निघालं. तुझ्या सेक्शनमध्ये एवढासा पापुद्रा दिसला तर घाईने पुढे सरकू नकोस. थोडं थांब त्याच्यापाशी.

आम्लाच्या परीक्षा करायच्या असतील तर जपून. शॉर्टच्या जुन्या पुस्तकात सगळ्यांची यादी आहे. अर्ध्या पाण्याचं नायट्रिक चाल्कोसाइटवर टेकवलं की फेस येतो आणि निळा डाग पडतो, बघायला सुंदर. पण ते दुसऱ्या कुणाच्या देखत, हातमोजे घालून, धुराड्याखाली, आणि सर्वांत शेवटी, कारण डागलेला भाग गेलाच. त्या यादीत पोटॅशियम सायनाइड आहे. कपाटात त्याची जुनी बाटली असेलही. तिला हात लावायचा नाही. तुझ्या गाइडने सांगितलं तरी नाही. माझं नाव सांग.

आणि तुझं शरीर. खुर्ची उंच करून घे, मान वाकवून बघू नकोस. दोन्ही डोळे उघडे ठेव. चाळीस मिनिटांनी उठ आणि खिडकीतून लांबचं झाड बघ. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही, अजून मानेचा व्यायाम चालू आहे.

शेवटचं विचारलंस ते, "ताई, मला खाणीत जाऊ देतील का?" मी तुझ्या वयाची असताना एका खाणीवर गेले होते. मला फाटकाशी बसवून ठेवलं. खालून नमुने आले ते पोत्यात, एकावरही कुठल्या पातळीवरचा, कुठल्या बाजूचा याची खूण नाही. अपमान झाला तो एक, पण मला खरं दुःख त्या दगडांचं झालं. कुठून आला हे माहीत नसलेल्या नमुन्याचं निम्मं वाचन तिथेच संपतं. वरचा थर की खालचा, हेच ठाऊक नाही तर ती निळी साल मी कशाच्या आधारावर वाचू? तेव्हा १९५२ च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखालच्या कामाला बंदी होती. २०१९ साली केंद्राने ती सैल केली. तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी बायकांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात खाली जायची मुभा तेव्हा मिळाली, लेखी संमती देऊन आणि किमान तिघी मिळून. म्हणजे तुला तुझा नमुना तुझ्या हाताने, तुझ्या डोळ्यांदेखत काढता येईल, त्यावर बाण काढून वरची बाजू कुठली ते लिहिता येईल. वर्गातल्या आणखी दोघींना आत्तापासून तयार कर.

मे महिन्यात येशील तेव्हा एक सेक्शन घेऊन ये, पॉलिश न करता आण. आणि वही आण, प्रश्नचिन्हांची पानं फाडून न टाकता. आपण दोघी मिळून सकाळी पॉलिश करू आणि दुपारच्या आत बघू. बॉर्नाइट असेल तर अबोली असतानाच सापडेल.

तुझी,
ताई